जुने मराठी दप्तर आणि नवी कार्यप्रणाली

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीस तिच्या निर्मात्या कंपनीकडून मिळणारा नियमित आधार समाप्त झाला. ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली होती. म्हणजे दहा वर्षांहून थोडा अधिक काळ ती घरांतून, शाळांतून, वाचनालयांतून आणि कचेऱ्यांतून वापरली गेली. आधार समाप्त झाला म्हणून त्या प्रणालीवर चालणारे संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडले असे नव्हे. तथापि प्रणालीतील उणिवा ध्यानात आल्यावर त्या बुजविण्यासाठी ज्या दुरुस्त्या नियमाने मिळत असत, त्या मिळेनाशा झाल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षाविषयक दुरुस्त्या देण्याचे जाहीर करण्यात आले होते. परंतु अशी मुदतवाढ ही तात्पुरती सोय होय, कायमचा उपाय नव्हे.

यानंतरची ‘विंडोज ११’ ही प्रणाली २०२१ च्या ऑक्टोबरात आली. तिच्यासाठी ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षाव्यवस्था, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रक्रियक आवश्यक ठरविण्यात आला. परिणामी, ज्यांचे पडदे, कळफलक आणि अंतर्भाग सर्वस्वी सुस्थितीत आहेत असे कित्येक लॅपटॉप या नव्या प्रणालीस अपात्र ठरले. अशा लॅपटॉपच्या मालकापुढे दोन मार्ग राहतात. नवा लॅपटॉप विकत घेणे हा एक, आणि आहे त्याच लॅपटॉपवर लिनक्ससारखी निराळी कार्यप्रणाली बसविणे हा दुसरा. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे. परंतु तो अनोळखी आहे.

अनोळखी प्रणालीकडे वळताना बहुतेकांस भीती वाटते ती हातांच्या सवयीची. कोणते बटण कोठे आहे, फाइल कोठे ठेवावयाची, मराठी कसे टंकावयाचे, असे प्रश्न प्रथम मनात येतात. वस्तुतः सवय काही आठवड्यांत बदलते. खरी हानी व्हावयाची असेल तर ती कागदपत्रांची होते, आणि मराठीत काम करणाऱ्याच्या बाबतीत हा धोका इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा अधिक असतो. म्हणून प्रस्तुत पाठात यंत्रापेक्षा दप्तराचा विचार आधी केला आहे.

कार्यप्रणाली कशास म्हणावे

संगणकाचे प्रक्रियक, स्मृती, साठवण, पडदा, कळफलक इत्यादी भाग आणि वापरकर्त्याच्या कामाच्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून सर्वांचा मेळ घालणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. पत्र लिहिण्याची आज्ञावली स्वतः कागद छापत नाही. ती कार्यप्रणालीस विनंती करते, आणि कार्यप्रणाली मुद्रकास कामास लावते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पत्र लिहिण्याची आज्ञावली एखाद्या विशिष्ट कार्यप्रणालीसाठी तयार केलेली असते. ती दुसऱ्या प्रणालीवर जशीच्या तशी चालेलच असे नाही. पत्राची फाइल मात्र कोणत्याही प्रणालीची मिंधी असण्याचे कारण नाही. ती केवळ माहिती असते, आणि ज्या आज्ञावलीस तिची मांडणी कळते ती आज्ञावली तिला वाचू शकते. आज्ञावली आणि फाइल यांतील हा भेद ज्याने नीट जाणला, त्याचे अर्धे काम झाले.

लिनक्सची ओळख

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘जीएनयू’ हा प्रकल्प जाहीर केला. ज्या आज्ञावलीचा मूळ पाठ कोणालाही पाहता, बदलता व वाटता येईल, अशा मुक्त आज्ञावल्यांची एक संपूर्ण प्रणाली उभारावी हा त्याचा हेतू होता. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून तो जगापुढे ठेवला. तोच लिनक्स होय. या दोहोंच्या मिलाफातून व इतर असंख्य लोकांच्या श्रमांतून ज्या पूर्ण प्रणाली तयार झाल्या त्यांना ‘वितरणे’ म्हणतात. १९९३ साली आरंभ झालेले डेबियन, २००४ साली प्रसिद्ध झालेले उबंटू आणि त्यानंतरचे लिनक्स मिंट ही त्यांतील परिचित नावे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेले ‘बॉस’ नावाचे वितरण तयार केले आहे.

लिनक्स हे नाव ज्यांस नवे वाटते तेही बहुधा ते रोज वापरीत असतात, कारण अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभा लिनक्सचाच आहे. उबंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये निघालेल्या अशा आवृत्तीसाठी ४ जीबी स्मृती व २५ जीबी मोकळी साठवण पुरेशी मानलेली आहे. जुन्या लॅपटॉपच्या मालकाने प्रथम हे आकडे आपल्या यंत्राशी ताडून पाहावेत.

दप्तराची पहिली तपासणी

गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी संस्थांच्या कपाटांत जसे जुने कागद असतात, तसेच त्यांच्या संगणकांत जुने मराठी मजकूर असतात. सभांची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, ग्रंथसूची, स्मरणिकांचे लेख, शाळेच्या प्रश्नपत्रिका असे त्यांचे स्वरूप असते. यांपैकी जे मजकूर १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत टंकलेले आहेत, ते बहुधा युनिकोडमध्ये नसतात. प्रणाली बदलताना अडचण येते ती नेमकी येथे.

संगणक अक्षर साठवीत नाही; अक्षराचा क्रमांक साठवितो. जुन्या पद्धतीत एका चिन्हासाठी एकंदर २५६ क्रमांक उपलब्ध असत व त्यांतील पहिला अर्धा भाग रोमन लिपीने व्यापलेला असे. देवनागरीस स्वतंत्र जागा नव्हती. म्हणून त्या काळच्या मराठी टंकांनी एक युक्ती योजली. रोमन अक्षराचा क्रमांक तसाच ठेवून त्याच्या जागी देवनागरीची आकृती बसविली. फाइलीत नोंद रोमन अक्षराची, परंतु पडद्यावर दिसते ते मराठी. जोवर तो विशिष्ट टंक संगणकावर आहे तोवर सर्व सुरळीत चालते. तो टंक नाहीसा झाला की इतिवृत्ताच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची अर्थहीन रांग उरते. शिवाय प्रत्येक निर्मात्याने ही आकृत्यांची वाटणी आपापल्या सोयीने केली. त्यामुळे एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येत नाही.

युनिकोडने ही व्यवस्था मुळापासून बदलली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जागतिक संकेतात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग राखून ठेवलेला आहे. त्यात ‘क’ चा क्रमांक दशमान पद्धतीने २३२५ आणि ‘ळ’ चा २३५५ असा आहे. हा क्रमांक विंडोजवर, लिनक्सवर किंवा दूरध्वनीवर बदलत नाही, आणि टंक कोणताही असला तरी बदलत नाही. मराठी, कोंकणी, हिंदी व संस्कृत यांस एकच विभाग पुरतो. जोडाक्षरांस निराळे क्रमांक नाहीत. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हांची नोंद. तिला एकत्रित रूप देण्याचे काम टंक व प्रणाली करतात.

आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. मजकुरातील एक ओळ निवडून ती नोटपॅडसारख्या साध्या टिपणवहीत चिकटवावी. ओळ मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडचा आहे. तिची रोमन अक्षरे झाली तर मजकूर जुन्या टंकाचा आहे. ही परीक्षा जुना लॅपटॉप जुन्या प्रणालीवर चालू असतानाच घ्यावी, कारण प्रणाली बदलल्यानंतर जुना टंक व तो चालविणारी आज्ञावली हाताशी असेलच असे नाही.

रूपांतर व त्यातील दोष

जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. त्यांस मूळ टंकाचे नेमके नाव सांगावे लागते. म्हणून प्रत्येक फाइलीबरोबर तिच्या टंकाचे नाव लिहून ठेवावे. रूपांतर केल्यानंतर मजकूर डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे, आणि चुका कोठे संभवतात हे आधी माहीत असल्यास ते काम हलके होते.

जुन्या टंकांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने नोंदविली जात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून ती व्यंजनाच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये नोंद उच्चाराच्या क्रमाने होते; ‘कि’ लिहिताना क आधी व वेलांटी नंतर. रफाराचे याच्या उलट आहे. ‘वर्ग’ या शब्दात रफार ‘ग’ च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या टंकात तो ‘ग’ नंतर येई. युनिकोडमध्ये व, र, हलन्त चिन्ह आणि ग असा क्रम असतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस ही उलटापालट प्रत्येक ठिकाणी करावी लागते, आणि जेथे जोडाक्षर मोठे असते तेथे ती चुकण्याचा संभव अधिक. ‘वैशिष्ट्य’, ‘वर्गणी’, ‘कार्यवृत्त’ असे शब्द म्हणूनच प्रथम तपासावेत. ‘सुऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतील मराठीचा विशेष ‘ऱ’ हेही तपासण्याचे स्थान होय. मजकुरात मधूनमधून खरी रोमन अक्षरे असतील, तर आज्ञावली त्यांनाही मराठी समजून बदलून टाकते. आकड्यांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. वाचनालयाच्या हिशेबातील एक अंक बदलला तर तो शुद्धलेखनाचा दोष राहत नाही.

म्हणून महत्त्वाच्या फाइलींच्या तीन गोष्टी जवळ ठेवाव्यात. पहिली, मूळ फाइल, जशीच्या तशी. दुसरी, तिच्या पानांची पीडीएफ प्रत. यात टंक अंतर्भूत करता येत असल्याने मूळ पान कसे दिसत होते याचा पुरावा कोणत्याही प्रणालीवर राहतो. तिसरी, युनिकोडमधील रूपांतरित फाइल, जी पुढे शोधता व सुधारता येईल. केवळ पीडीएफ करून थांबू नये. जुन्या टंकातील मजकुराची पीडीएफ डोळ्यांना वाचता आली, तरी तिच्यात एखादे नाव शोधू गेल्यास ते सापडत नाही, कारण आत नोंद रोमन अक्षरांचीच असते.

युनिकोडमधील दस्तऐवजांस अशी बाधा होत नाही. त्यांच्या बाबतीत उद्भवतो तो पानाच्या मांडणीचा प्रश्न. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा टंक लिनक्सवर सहसा नसतो. तेथे ‘नोटो’ किंवा ‘लोहित’ हे टंक त्याची जागा घेतात. अक्षरांची रुंदी बदलल्यामुळे ओळी खाली-वर होतात आणि तीन पानांचा अहवाल सव्वातीन पानांचा होतो. मजकूर सुरक्षित असतो. मांडणी मात्र पुन्हा पाहावी लागते.

मराठी कळफलक

बहुतेक लिनक्स वितरणांवर लेखन, कोष्टके व सादरीकरण यांसाठी ‘लिबरऑफिस’ हा मुक्त संच मिळतो. त्यात देवनागरीसाठी जटिल लिप्यांची सोय प्रथम चालू करावी लागते, आणि तेथे भाषा म्हणून मराठीची निवड करावी लागते. रोमन मजकुराचा टंक आणि देवनागरी मजकुराचा टंक यांची नोंद या संचात स्वतंत्रपणे होते. अनेक नवशिक्यांस टंक बदलूनही अक्षर न बदलण्याचा जो अनुभव येतो, त्याचे कारण बहुधा एवढेच असते. भाषा मराठी नोंदविण्याचा आणखी एक लाभ आहे. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. ज्या टंकांत दोन्ही वळणे आहेत, त्यांतील मराठी वळण ही नोंद पाहून आपोआप निवडले जाते.

टंकलेखनासाठी प्रणालीच्या मांडणीत कळफलकाच्या यादीत मराठी जोडावे. इंग्रजी व मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी विंडोज १० मध्ये जी विंडोज कळ व स्पेसबार यांची जोडी वापरली जाते, तीच उबंटूतही चालते. ज्यांस इन्स्क्रिप्ट पद्धती अवगत आहे त्यांस येथे काहीच नवे शिकावे लागत नाही. ही पद्धती भारतीय मानक म्हणून १९९१ च्या प्रमाणकात अंतर्भूत आहे आणि ती दोन्ही प्रणालींत आढळते. तिच्यात स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताखाली आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताखाली येतात. ‘के’ या कळीवर क आणि शिफ्टसह ख. ‘आय’ या कळीवर ग आणि शिफ्टसह घ. ‘डी’ या कळीवर हलन्त चिन्ह आहे. ‘जे’ या कळीवर र असून शिफ्टसह तेथेच ऱ मिळतो. ‘एन’ वर ल, तर शिफ्टसह ळ.

जे आजवर जुन्या टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर टंकीत आले किंवा रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी उमटवीत आले, त्यांचा अभ्यास मात्र थोडा वाढतो. उच्चारानुसार टंकण्याची सोय लिनक्सवरही आहे. परंतु जुळणारी अक्षरे प्रत्येक आज्ञावलीत काहीशी निराळी असतात. प्रणाली बदलण्यापूर्वी जुन्याच यंत्रावर महिनाभर इन्स्क्रिप्टचा सराव रोज अर्धा तास केल्यास एका वेळी दोन अडचणींना तोंड देण्याची पाळी येत नाही. ही विद्या पुढे कोणत्याही संगणकावर उपयोगी पडते.

फाइलींचे घर

विंडोजमध्ये साठवणीच्या विभागांस ‘सी’, ‘डी’ अशी नावे असतात. लिनक्समध्ये अशी नावे नाहीत. तेथे सर्व फोल्डर एकाच मूळ स्थानापासून वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेले असतात, आणि प्रत्येक वापरकर्त्यास ‘होम’ नावाच्या शाखेत आपले स्वतंत्र घर मिळते. दस्तऐवज, चित्रे, उतरवून घेतलेल्या फाइली हे सर्व त्या घरात असते. पेनड्राइव्ह जोडला की तोही याच वृक्षाची एक फांदी म्हणून दिसतो.

नावांच्या बाबतीत तीन भेद ध्यानात ठेवावेत. लिनक्समध्ये रोमन मोठी व लहान अक्षरे भिन्न समजली जातात. देवनागरीत असा भेदच नसल्याने मराठी नावांस ही अडचण नाही. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह अशी जी चिन्हे विंडोज फाइलीच्या नावात स्वीकारीत नाही, ती लिनक्स स्वीकारते. तेव्हा ज्या फाइली पुन्हा विंडोजवर पाठवावयाच्या त्यांच्या नावांत ती घालू नयेत. तिसरा भेद मराठी नावांपुरताच महत्त्वाचा आहे. लिनक्सवरील नेहमीच्या साठवणपद्धतीत नावासाठी २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटात मावते, परंतु देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी व हलन्त चिन्ह धरून सुमारे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. विंडोजवर याहून लांब नाव चालते. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ येथपासून पुढे ठिकाण, तारीख, विषय असे सर्व काही नावात घालण्याची सवय असेल, तर नक्कल करताना नेमक्या त्या फाइली मागे राहू शकतात. म्हणून नक्कल झाल्यावर दोन्ही बाजूंच्या फाइलींची संख्या ताडून पाहावी.

आज्ञावल्या मिळविण्याची रीत

विंडोजवर आज्ञावली हवी असल्यास तिचे स्थापनापत्र महाजालावरून उतरवून घेण्याचा प्रघात आहे. लिनक्सवर वितरण चालविणारी संस्था आज्ञावल्यांचे एक भांडार ठेवते. तेथून हवी ती आज्ञावली निवडावयाची. भांडारातील आज्ञावल्यांच्या दुरुस्त्याही एकाच मार्गाने येतात. प्रणालीत बदल करणारे प्रत्येक काम करण्यापूर्वी परवलीचा शब्द विचारला जातो. तो विचारण्याचे कारण उमगले नाही, तर तो देऊ नये. लिनक्सला विषाणूंची बाधाच होत नाही असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. फसव्या पत्रातील दुव्यावर परवलीचा शब्द लिहून देणाऱ्याचे रक्षण कोणतीही प्रणाली करू शकत नाही.

जेथे बदल करू नये

काही कामे अशी आहेत की ज्यांच्यासाठी प्रणाली बदलणे इष्ट नाही, किंवा निदान पूर्ण चौकशीशिवाय बदलू नये. हिशेबाच्या काही आज्ञावल्या केवळ विंडोजसाठी तयार केलेल्या असतात. अंकीय स्वाक्षरीचे जे टोकन यूएसबीला जोडावे लागते, त्याची चालक आज्ञावली लिनक्ससाठी आहे किंवा नाही हे विक्रेत्याकडून आधी लेखी जाणून घ्यावे. बोटांचे ठसे घेणारी उपकरणे, जुने मुद्रक व स्कॅनर यांनाही हेच लागू. एक्सेलच्या ज्या पत्रकांत मॅक्रो लिहिलेले असतात, ती लिबरऑफिसमध्ये उघडतात. परंतु त्यांतील मॅक्रो जसेच्या तसे चालतीलच असे नाही. ज्या शिक्षकास वा लेखनिकास अशी पत्रके नियमाने भरून पाठवावी लागतात, त्याने त्यांतील एक पत्रक प्रथम प्रत्यक्ष भरून पाहावे.

चाचणी व स्थापना

लिनक्सची एक सोय नवशिक्यास विशेष उपकारक आहे. पेनड्राइव्हवर प्रणाली उतरवून लॅपटॉप त्यावरूनच सुरू करता येतो, आणि तोवर लॅपटॉपमधील साठवणीस हात लागत नाही. या अवस्थेत बिनतारी जाळे, आवाज, कॅमेरा, मुद्रक आणि मराठी कळफलक हे सर्व तपासून पाहता येते. पुढील क्रम ठेवल्यास हानीचा संभव फार कमी होतो.

(१) जुन्या यंत्रावर कोणकोणती कामे होतात याची यादी करावी व प्रत्येकापुढे लिनक्सवरील पर्याय लिहावा. (२) मराठी फाइलींची परीक्षा घेऊन जुन्या टंकांतील मजकुराचे रूपांतर पूर्ण करावे. (३) सर्व दप्तराच्या दोन प्रती दोन स्वतंत्र साधनांवर काढाव्यात. त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. (४) प्रत उघडते किंवा नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच. (५) साठवण कुलूपबंद असेल, म्हणजे तिच्यावर ‘बिटलॉकर’ चालू असेल, तर तिची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. (६) पेनड्राइव्हवरून किमान आठवडाभर काम करून पाहावे. (७) त्यानंतरच स्थापना करावी. स्थापनेच्या वेळी संपूर्ण साठवण पुसावयाची की जुनी प्रणाली शेजारी ठेवावयाची हा प्रश्न विचारला जातो. उत्तर देण्यापूर्वी तो दोनदा वाचावा, कारण पुसलेले परत येत नाही.

संस्थांचे अनुभव

व्यक्तीस जे लागू तेच संस्थेसही लागू होते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक नव्या प्रणालीवर आणले. पत्रांचे व अर्जांचे नमुने सांभाळण्यासाठी तिला ‘वोलमक्स’ नावाचे साधन स्वतः तयार करावे लागले. तथापि २०१७ च्या नोव्हेंबरात नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरविले. इतर कार्यालयांशी होणारी फाइलींची देवाणघेवाण आणि विंडोजवरच चालणाऱ्या काही खास आज्ञावल्या यांच्या अडचणी त्या वेळच्या चर्चेत पुढे आल्या होत्या.

केरळमध्ये शाळांतील संगणक शिक्षणाचा ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला आणि पुढे तो मुक्त आज्ञावल्यांवर आणण्यात आला. २०१७ मध्ये त्याचे रूपांतर ‘काइट’ या शासकीय कंपनीत झाले. ही संस्था उबंटूवर आधारलेले स्वतःचे वितरण शाळांना देते, आणि त्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण व मल्याळम भाषेची सोयही पाहते. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता एवढे ध्यानात येते की, प्रणाली बसविणे हा कामाचा लहानसा भाग आहे. तिच्यावर रोज होणारी देवाणघेवाण, वापरणाऱ्यांचे शिक्षण व स्वभाषेची व्यवस्था यांवर पुढील सर्व अवलंबून राहते.

सारांश

लॅपटॉपचे आयुष्य पाच-दहा वर्षांचे, कार्यप्रणालीच्या एका आवृत्तीचेही जवळपास तेवढेच. संस्थेचे इतिवृत्त, शाळेची नोंद किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी टंकून ठेवलेल्या आठवणी यांचे आयुष्य मात्र पन्नास-शंभर वर्षांचे असावे अशी अपेक्षा असते. अल्पायुषी साधनाच्या हाती दीर्घायुषी ठेव सोपवावयाची, तर ती कोणत्याही साधनातून उचलून नेता येईल अशा रूपात ठेवली पाहिजे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, फाइली सर्वांस वाचता येणाऱ्या मांडणीत आणि प्रती दोन ठिकाणी, एवढे ज्याने केले, त्याने विंडोज ठेवावे, लिनक्स घ्यावे किंवा आणखी काही घ्यावे. त्याचे काम अडणार नाही. ज्याने हे केले नाही, त्याचे दप्तर प्रणाली न बदलताही, टंक हरवला त्या दिवशी बंद होईल.

तेव्हा नवा लॅपटॉप घेण्याचा अथवा नवी प्रणाली बसविण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आरंभ बाजारापासून न करता आपल्या सर्वांत जुन्या मराठी फाइलीपासून करावा. ती उघडावी, तिच्यातील एक ओळ टिपणवहीत चिकटवावी आणि काय दिसते ते पाहावे. पुढे किती काम करावयाचे आहे याचा अंदाज त्या एका ओळीवरून बांधता येईल.